भारत-जपान व्यापार कराराने आपला तोटाच झाला का? तो रद्द करावा का?

तुमच्या प्रश्नाखाली ‘जपानने आपल्याला फसवलं’ असं वाक्य आहे, ते वाचून लिहायला बसलो. हेच वाक्य मी घरात बारा-तेरा वर्षं ऐकतोय, थोरल्या भावाच्या तोंडून.

आकड्यांपुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. करार १ ऑगस्ट २०११ ला लागू झाला. त्याआधी, २०१०-११ मध्ये, आपण जपानला सुमारे ५ अब्ज डॉलरचा माल पाठवला होता आणि २०२३-२४ मध्येही जवळपास तेवढाच पाठवला. तिकडून येणारा माल मात्र साडेआठ अब्जांवरून साडेसतरा अब्जांवर गेला. पण यात फसवणूक कुठे आहे? कारखान्यातल्या बहुतेक मालावर जपानची जकात आधीपासूनच शून्य किंवा नावापुरती होती. आपली तशी नव्हती. दोघांनी जकात उतरवली की जिच्या भिंती उंच होत्या त्याच बाजूला जास्त माल येणार. हे सह्या होण्याआधीही दिसत होतं. मी तेव्हा बोललोही होतो.

पुण्याजवळ भोसरीत आमचं यंत्रांचे सुटे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलं, दादाने सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन्स, आणली. कराराची बातमी आली तेव्हा दादा म्हणाला, आता दार उघडलं, आणि कर्ज काढून आणखी एक मशीन घेतलं. मी तपासणी बघायचो. मी त्याला म्हटलं, आपण करतो त्या सुट्या भागांवर तिकडे आधीही जकात नव्हती, मग नवीन काय उघडलं? तो म्हणाला, तू गेज (माप तपासायचं साधन) धर, धंदा मी बघतो.

२०१२ मध्ये जपानच्या एका कंपनीची ऑर्डर मिळाली. स्टीलचे बुश, म्हणजे छोट्या नळीसारखे भाग, पहिली खेप ४,००० नगांची. त्यात तीन नग जुन्या ड्रॉइंगचे गेले. व्यास बरोबर, चॅम्फर (कडेचा तिरका काप) जुना. ते थेट त्यांच्या असेंब्लीवर सापडले. कुणी फोनवर ओरडलं नाही, पैसे कापले नाहीत. फक्त एक फॉर्म आला. त्यात दोन वेगळे रकाने होते: दोष निर्माण कसा झाला, आणि तो तुमच्या कारखान्यातून बाहेर कसा पडला.

दादाने दोन्हीत एकच लिहिलं, ‘कामगाराचं दुर्लक्ष, त्याला समज दिली आहे.’ फॉर्म परत आला. सोबत एका ओळीचा प्रश्न होता की तो कामगार रजेवर असेल त्या दिवशी काय होईल.

मी दोन रात्री शॉपवर थांबलो. मशीन सेट करताना निघणारे पहिले दोन-चार नग मशीनखालच्या क्रेटमध्ये टाकायची आमची पद्धत होती. ड्रॉइंग बदललं तेव्हा तो क्रेट कुणी रिकामा केला नाही. रात्रपाळीला मोजणीत तीन नग कमी पडले, ते पोराने तिथून घेतले. आणि भाग मापात बसतो की नाही एवढंच सांगणारं आमचं गो-नो-गो गेज व्यास बघायचं, चॅम्फर बघायचंच नाही. म्हणजे पहिल्या रकान्याचं उत्तर क्रेट होतं आणि दुसऱ्याचं मी. मी तसंच लिहिलं. सेटिंगच्या नगांसाठी कुलूप लावलेली लाल पेटी आणि चॅम्फरसाठी वेगळं गेज, असे दोन उपायही लिहिले.

दादा भडकला. गिऱ्हाइकाला अशी लेखी कबुली देतात का, उद्या हेच आपल्यावर काढतील, तीन नगांसाठी एवढं कशाला. अहवाल महिनाभर त्याच्या टेबलावर बिनसहीचा पडून राहिला. तोवर त्यांनी दुसरा पुरवठादार शोधला. मशीनचे हप्ते आम्ही स्थानिक जॉबवर्क करून फेडले, आणि नातेवाइकांत गोष्ट पसरली ती अशी की जपान्यांनी नखरे करून आपल्याला बुडवलं.

आंब्याचंही तेच बघा. फळमाशीच्या भीतीने जपानने १९८६ मध्ये आपला आंबा बंद केला आणि २० वर्षांनी, २००६ मध्ये, उघडला. तोही फळांवर वाफेची प्रक्रिया त्यांच्या निरीक्षकासमोर करायच्या अटीवर. याला लोक सरळ अडवणूक म्हणतात. पण १९८६ पर्यंत त्यांनी स्वतःच्या ओकिनावातून आंब्यावरची ती माशी समूळ घालवली होती. काकडी-भोपळ्यावरची दुसरी माशी घालवायला वांझ केलेल्या माश्या कोट्यवधींनी सोडल्या, ते काम १९९३ ला संपलं. ज्याने एका माशीसाठी इतकं केलं तो तुमच्या पेटीकडे सहज बघून कसा सोडेल?

दादाचं सगळंच चूक होतं असं नाही. कोळंबीत अडवणूक झाली असं मलाही वाटतं. कोळंबीच्या खाद्यात ते खराब होऊ नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या एथॉक्सिक्विन या रसायनासाठी त्यांनी ०.०१ पीपीएमची (दहा लाखांत ०.०१ भाग) मर्यादा लावून २०१२ मध्ये आपला माल अडवला आणि २०१४ मध्ये तीच मर्यादा ०.२ पीपीएम केली. वीसपट! म्हणजे आधीची मर्यादा इतकी कडक असण्याची गरज नव्हती, आणि मधल्या काळात निर्यातदारांचं नुकसान झालं. शिवाय २०१२ च्या अखेरीपासून येन घसरत गेला, त्यामुळे डॉलरमध्ये भाव सांगणारा आपला माल त्यांना महाग पडला. निर्यातीच्या आकड्यात नाफ्थाचा (कच्च्या तेलापासून निघणारा पदार्थ) वाटा मोठा, तो वर-खाली झाला की एकूण आकडाही हलतो, हेही लक्षात घ्या.

रद्द करावा का? नको. येणाऱ्या मालात यंत्रं आणि सुटे भाग बरेच आहेत, त्यांवर आपलेच कारखाने चालतात. मारुती-सुझुकीचा करार १९८२ चा, आणि आज त्यांची गुजरातमध्ये बनलेली फ्रॉन्क्स ही गाडी २०२४ पासून जपानमध्ये विकली जाते. याला चाळीस वर्षं लागली. फेरवाटाघाटी जरूर करा, पण जकातीवर नाही. मासळी, औषधं आणि फळांच्या तपासणीचे नियम आणि मंजुरीला लागणारा वेळ यांवर करा. आणि तुम्ही स्वतः माल पाठवणार असाल तर आधी ते दोन रकाने तुमच्या मालासाठी भरून बघा. ‘समज दिली’ हे उत्तर कुठेही लिहू नका.

२०१७ पासून आम्ही चाकणच्या एका जपानी कंपनीला भाग देतो. त्यांची असेंब्ली पुढे जपानला जाते, आमच्या नावावर निर्यात शून्य. दादा म्हणतो, बघ, शेवटी तेच इथे आले ना. आले, पण पहिल्याच वर्षी एका खेपेवर तोच दोन रकान्यांचा फॉर्म आला. या वेळी मी तो त्याच्या टेबलावर ठेवला नाही. सही करून त्याच संध्याकाळी पाठवला.