टेसॉलची एम.ए. केल्यावर परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळते का?

तुम्ही लिहिलंय की बी.ए. इंग्रजी झालंय, शिकवायचा अनुभव नाही, ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाची टेसॉलच्या (म्हणजे इतर भाषकांना इंग्रजी शिकवण्याच्या विषयातल्या) एक वर्षाच्या एम.ए.ची ऑफर हातात आहे आणि पंचवीस लाखांचं कर्ज काढावं लागेल. पुढे कुठल्या देशात स्कोप आहे, हा तुमचा प्रश्न. पण त्याखाली एक वाक्य आहे: 'कन्सल्टंट म्हणाले, मास्टर्स असलं की नेटिव्ह स्पीकरची अट राहत नाही.' मी लिहायला बसले ती या वाक्यामुळे. हे धादांत खोटं आहे आणि वर्षानुवर्षं विकलं जातंय.

नेटिव्हची, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असण्याची, अट दोन ठिकाणी असते. एक नोकरीच्या जाहिरातीत, दुसरी व्हिसाच्या नियमात. जाहिरातीतली अट चांगल्या डिग्रीपुढे आणि डेमो लेक्चरपुढे कधीकधी वाकते. व्हिसातली अट वाकत नाही, कारण तिथला अधिकारी तुमचं इंग्रजी ऐकतच नाही, तो पासपोर्ट बघतो.

कोरियाचं घ्या. तिथे इंग्रजी शिकवण्यासाठीचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. टेसॉलमध्ये पीएच.डी. केलीत तरी तुम्ही या यादीत बसत नाही. गंमत अशी की भारतीयांसाठी एक वेगळी वाट आहे. १ जानेवारी २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात भारतीय इंग्रजी सहायक शिक्षकांची तरतूद आहे. त्यासाठी पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षक-पात्रता लागते. आपल्याकडे त्या पात्रतेच्या सगळ्यात जवळ जातं ते इंग्रजी मेथड घेऊन केलेलं बी.एड. म्हणजे जे बी.एड. 'त्यात काय ठेवलंय' म्हणून सगळे हिणवतात ते इथे कामाला येतं, आणि पंचवीस लाखांची एम.ए. येत नाही. टेसॉलची एम.ए. हा शिक्षकाचा परवाना नव्हे, हे कन्सल्टंट सांगत नाहीत. अर्थात करारात तरतूद आहे म्हणून शाळा भारतीय शिक्षक शोधत बसल्यात असं नाही. बऱ्याच भरती एजंटांना हे कलम माहीतही नसतं, त्यामुळे अर्जासोबत ते दाखवायची तयारी ठेवावी लागते.

जपानमध्ये वेगळीच गोम. शाळांतून इंग्रजी शिकवण्याच्या व्हिसासाठी, इंग्रजी माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा मागतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला नंतरची कुठलीही एम.ए. इथे सोडवू शकत नाही. चीनमध्ये जुलै २०२१ च्या 'दुहेरी कपात' धोरणानं खासगी शिकवण्यांचा बाजारच झोपवला. त्यातच देशाबाहेर बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांची कामं गेली.

आता तुमच्या ऑफरबद्दल. ब्रिटनमधल्या बऱ्याच भाषाशाळा ब्रिटिश कौन्सिलची मान्यता घेतात आणि त्या मान्यतेत शिक्षकांचे दोन स्तर धरतात. खालच्या स्तरासाठी सेल्टा (केंब्रिजचं इंग्रजी शिकवण्याचं प्राथमिक प्रमाणपत्र) किंवा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचं तसंच प्रमाणपत्र. सेल्टा म्हणजे १२० तास, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, परीक्षक मागे बसलेला असताना ६ तास शिकवणं. वरच्या स्तरासाठी डेल्टा (केंब्रिजचीच पुढची पदविका) किंवा तिच्या तोडीची पात्रता, आणि एम.ए. तिथे धरली जायची तर तिच्यात निरीक्षणाखालचं प्रत्यक्ष अध्यापन हवं. एक वर्षाच्या कितीतरी एम.ए. निव्वळ थिअरी, असाइनमेंट आणि प्रबंधावर उरकतात. विद्यार्थी डिस्टिंक्शन घेऊन बाहेर पडतो आणि भाषाशाळा विचारते, 'सेल्टा आहे का?' मग एम.ए.नंतर पुन्हा पैसे भरून सेल्टा करणारे लोक तुम्हाला हवे तितके भेटतील.

म्हणून विद्यापीठाला आजच ई-मेल करा. ऑफर स्वीकारण्याआधी विचारा, अनामत भरल्यावर नाही. निरीक्षणाखाली किती तास शिकवायला मिळतं? समोर खरे विद्यार्थी असतात की वर्गमित्रच? वर्गमित्रांसमोरच्या शिकवण्याला मायक्रोटीचिंग म्हणतात आणि नोकरीच्या हिशेबात ते शून्य. त्याला क्रेडिट आहेत का, आणि ते ट्रान्स्क्रिप्टवर वेगळे छापून येतात का? 'ऐच्छिक', 'जागांच्या उपलब्धतेनुसार' असं उत्तर आलं तर समजून जा.

पैशांचंही बोलू. पंचवीस लाख, ११ टक्के, दहा वर्षं: महिन्याचा हप्ता साधारण ३४,४०० रुपये. ब्रिटनमधल्या भाषाशाळांची बरीच कामं तासावर आणि उन्हाळी हंगामाची. तिथे राहायचं तर ग्रॅज्युएट रूटनंतर (शिक्षण संपल्यावर काही काळ काम करू देणारा व्हिसा) स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो, आणि त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. तासावर शिकवून तो आकडा गाठता येत नाही. ग्रॅज्युएट रूटही १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचा आहे.

मग एम.ए.ला किंमत कुठे आहे? आखातातल्या विद्यापीठांच्या फाउंडेशन आणि पूर्वतयारी वर्षांत. ओमान आणि सौदीत पदवीच्या आधी इंग्रजीचं वर्ष असतं आणि ओमानच्या सरकारी कॉलेजांत भारतीय लेक्चरर कितीतरी वर्षं शिकवतायत. तिथली मागणी सहसा अशी: टेसॉल, ईएलटी (इंग्रजी भाषा-अध्यापन) किंवा उपयोजित भाषाविज्ञानाची एम.ए., वर दोन-तीन वर्षांचा कॉलेज पातळीवरचा अनुभव. अनुभव नसेल तर इथेही तुमचा अर्ज उघडला जात नाही. आणि साहित्याची एम.ए. बऱ्याच ठिकाणी नाकारतात, कारण ट्रान्स्क्रिप्टवर अध्यापनपद्धती, चाचणी, ध्वनिविचार हे विषय शोधले जातात. आपल्या कॉलेजांतल्या 'साहित्य शिकवता आलं की भाषा येतेच शिकवता' म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी ही ट्रान्स्क्रिप्टची तपासणी एकदा बघावी.

आखाताचं घोडं अडतं ते कागदांवर. प्रोव्हिजनल सर्टिफिकेट चालत नाही, दीक्षान्ताची मूळ पदवी लागते. दूरशिक्षणाची डिग्री अनेकदा परत येते, म्हणून 'नियमित' असा उल्लेख असलेलं पत्र विद्यापीठाकडून आधीच घ्या. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय करारातला शिक्का. ओमान आणि सौदीला हा चालतो. अमिरातीला चालत नाही, तिथे वकिलातीची वेगळी मोहोर लागते. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि मधे वडिलांचं नाव, पासपोर्टवर वेगळा क्रम, लग्नानंतर तिसरंच नाव. यातच महिने जातात. अनुभवपत्रावर पद, तारखा आणि आठवड्याचे तास नसतील तर तो अनुभव धरत नाहीत.

माझा क्रम असा. आधी सेल्टा, ऑनलाइनही होतो. मग दोन वर्षं परदेशी विद्यार्थ्यांना शिकवा. त्यासाठी विमानात बसायची गरज नाही. पुण्यात इराण, येमेन, आफ्रिकेतून आलेली मुलं पदवीच्या आधी इंग्रजी शिकतात, त्यांचे वर्ग चालतात. मग डेल्टा. ब्रिटनमधली काही विद्यापीठं डेल्टाचे क्रेडिट एम.ए.त वळते करतात, त्यामुळे फी कमी होते. किंवा हैदराबादला ईफ्लूमध्ये (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीत) जा. मूळची १९५८ ची ही संस्था, २००७ पासून केंद्रीय विद्यापीठ. तिथली फी तुमच्या कर्जाच्या एका हप्त्यापुढेही लहान वाटेल. परदेशी अधिकाऱ्यांना इंग्रजी शिकवण्याचे कार्यक्रम परराष्ट्र मंत्रालय तिथेच चालवतं. 'परदेशी डिग्रीशिवाय कोण विचारतं' हा वाद मी नातेवाइकांपासून सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांशी घातलाय. ओमानला अर्ज करताना विचारतात तो अनुभव.

अमेरिकेचं थोडक्यात: असिस्टंटशिप (विद्यापीठातच शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम) मिळून फी माफ होत असेल तरच जा. टेसॉल स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही, म्हणून ओपीटी (शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी) फक्त १२ महिने. सरकारी शाळेत शिकवायला राज्याचं लायसन्स वेगळं. विद्यापीठांच्या इंग्रजी केंद्रांना सौदी शिष्यवृत्तीवर आलेल्या मुलांचा मोठा आधार होता. २०१६ नंतर तो आटला, आणि बरीच केंद्रं आकसली किंवा बंद झाली.

आता वरच्या सगळ्याला काही अपवाद. नवरा किंवा बायको आधीच कॅनडा-ऑस्ट्रेलियात कायम राहत असेल आणि तुम्हालाही तिथे कामाचा हक्क मिळणार असेल, तर हिशेब उलटतो. व्हिसाची अडचणच उरत नाही, मग तिथलंच प्रमाणपत्र घ्या, आणि तेही प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष अध्यापन) असलेलंच. पूर्ण शिष्यवृत्ती असेल तर ब्रिटनला बिनधास्त जा. परीक्षा, पाठ्यपुस्तकं किंवा शिक्षक-प्रशिक्षणात जायचं असेल तर एम.ए. लागतेच, फक्त वर्गात काही वर्षं काढल्यावर. ब्रिटनची एक वर्षाची एम.ए. भारतात चालते का, ही शंका मात्र काढून टाका. जुलै २०२२ च्या भारत-ब्रिटन करारानंतर ती मान्य आहे. इथे कॉलेजात लागायचं तर नेट-सेट द्यावीच लागेल, आणि तिथला इंग्रजीचा पेपर बहुतांशी साहित्याचा असतो. तेव्हा ऑफर पुढच्या वर्षावर ढकलता येते का ते त्याच ई-मेलमध्ये विचारून टाका. अनेक विद्यापीठं एक वर्ष देतात.