मुलगी जेवलीच नाही, मग इन्सुलिन कसं देऊ?

टाइप 1 मधुमेह (यात शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही) असलेल्या मुलांच्या पालकांचा तापा-सर्दीच्या दिवसांत हमखास येणारा प्रश्न: मूल आजारी आहे, घास घेत नाही, तर इन्सुलिन द्यायचं का? उत्तर आधीच सांगते. द्यायचं. मात्रा डॉक्टर कमी-जास्त करतील, पण दिवसभर पुरणारं बेसल इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही.

एका घरात काय झालं ते सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगी 9 वर्षांची. आई रोज वेळेवर सुई द्यायची, वहीत शुगर लिहायची. एका संध्याकाळी मुलीला ताप आला, उलट्या सुरू झाल्या. ती जेवली नाही म्हणून आईनं रात्रीचं सगळंच इन्सुलिन टाळलं. आजीनं मायेनं ग्लुकोजचं पाणी पाजलं. पहाटे मुलगी पोट धरून कण्हत होती, श्वास खोल आणि भराभर चालला होता. घरच्यांना वाटलं, पोट बिघडलंय. रुग्णालयात पोचेपर्यंत रक्तात आम्ल साचलं होतं, म्हणजे किटोॲसिडोसिस झाला होता. अतिदक्षता विभागात ठेवून सलाईन आणि शिरेतून इन्सुलिन द्यावं लागलं.

"ताई, खाल्ल्याशिवाय सुई दिली की शुगर उतरते, हेच तर पहिल्या दिवशी शिकले होते," ती माऊली रडत म्हणाली. तिचं म्हणणं खरं होतं. ती निष्काळजी मुळीच नव्हती. जेवणाआधीच्या इन्सुलिनचा नियम तिनं इमानानं पाळला होता. आजारपणाचा नियम वेगळा असतो, हे तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

म्हणून आधी कारण समजावलं. पोट रिकामं असलं तरी यकृत रक्तात साखर सोडतच राहतं. तापात अंगात वाढणारे हार्मोन ती आणखी वाढवतात आणि इन्सुलिनचा जोर कमी करतात. इन्सुलिन नसेल तर पेशींना ही साखर वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळतं आणि किटोन नावाची आम्लं तयार होतात. किटोन वाढले की मळमळ, उलटी, पोटदुखी. म्हणजे ज्या उलटीमुळे आपण सुई थांबवतो, ती कधी कधी इन्सुलिन कमी पडल्यामुळेच होत असते. हे ऐकल्यावर वडील पहिल्यांदा पुढे सरकून बसले.

मग कामं ठरवली. आजारपणात दर 2-3 तासांनी शुगर बघायची, रात्रीसुद्धा. शुगर 250 च्या वर गेली तर लघवीतले किटोन पट्टीवर तपासायचे. उलटी होत असेल तर शुगर कितीही असो, तपासायचेच. पट्टी जितकी गडद जांभळी, तितके किटोन जास्त. रक्तातले किटोन मोजायचं यंत्र असेल तर 0.6 च्या आत ठीक, 1.5 च्या वर तातडीनं डॉक्टरांना फोन, 3 च्या वर थेट रुग्णालय. शुगर आणि किटोन दोन्ही वाढले तर जलद काम करणारं इन्सुलिन किती युनिट जादा द्यायचं, ते डॉक्टरांनी मुलीच्या कागदावर लिहून दिलं. हा आकडा प्रत्येक मुलाचा वेगळा. शेजारच्या मुलाचा कागद बघून देऊ नका.

आजीला मात्र अपराधी वाटत होतं. त्यांचं ग्लुकोजचं पाणी मी मोडीत काढलं नाही, फक्त त्याची वेळ ठरवून दिली. शुगर चढलेली असेल तर साधं पाणी, मीठ घातलेलं पातळ ताक, डाळीचं पाणी. जुलाब-उलट्यांत शुगर बऱ्याचदा उतरते. तेव्हा ग्लुकोजचं पाणी, पातळ पेज, ओआरएस. कसंही असो, पेला भरून नाही. दर 5-10 मिनिटांनी एक-दोन चमचे. आजींनी विचारलं, "आणि खोकल्याच्या औषधात साखर असते, त्याचं काय?" चमचाभर औषधातल्या साखरेनं फारसा फरक पडत नाही. अंगात मुरलेला आजार त्याहून कितीतरी जास्त शुगर वाढवतो.

काही महिन्यांनी रात्री फोन आला. पुन्हा ताप, एक उलटी. शुगर 110, पट्टीवर किटोन मध्यम. पूर्वी असती तर शुगर 110 बघून सगळे निर्धास्त झोपले असते. पण उपाशीपोटीही किटोन वाढतात. अशा वेळी साखर आणि इन्सुलिन दोन्ही लागतात. डॉक्टरांना विचारून आईनं कमी केलेली मात्रा दिली, आजी चमच्यानं ग्लुकोजचं पाणी पाजत राहिल्या, वडिलांनी दर 2 तासांनी पट्टी बघितली. सकाळी पुन्हा उलट्या सुरू झाल्या, पाणीही टिकेना, तेव्हा वाट न बघता ते तिला रुग्णालयात घेऊन आले. काही तास सलाईन लागलं, आणि संध्याकाळी मुलगी घरी गेली.

आईला वाटत होतं, आपण पुन्हा हरलो. मी तिला स्पष्ट सांगितलं: उलट्या थांबत नसतील, श्वास खोल चालला असेल, मूल गुंगीत असेल किंवा शुगर 70 च्या वर येतच नसेल, तर घरी धीर धरायचा नसतो. तुम्ही वेळेत आलात, म्हणून यावेळी अतिदक्षता विभागाची गरज पडली नाही.