वाचकांचे प्रश्न : दगडफूल, अळंबी आणि आठवीची सहल

प्रश्न : श्रावणात आठवीचा वर्ग पाटणादेवीला न्यायचा आहे. बुरशी आणि दगडफूल दाखवायचे आहे. सोबत काय घ्यावे? नमुने आणता येतील का?
– एक शिक्षिका, चाळीसगाव तालुका

उत्तर : नमुने आणायचे नाहीत. पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे. तिथले काहीही परवानगीशिवाय उचलता येत नाही. दगडफूल तर खान्देशात काळ्या मसाल्यासाठी घरोघरी असते. तेच मूठभर आदल्या दिवशी वर्गात आणा. भिंगातून पाहिले की पापुद्र्याची वरची बाजू राखाडी आणि खालची काळी दिसते. सांगाडा बुरशीचा, आत शैवालाच्या पेशी. शैवाल अन्न बनवते, बुरशी ओल धरून ठेवते.

जंगलात 10 पट मोठे दाखवणारे भिंग, पाण्याची फवारणी-बाटली, खिशातला आरसा आणि पेन्सिल न्या (पेनची शाई पावसात पसरते). कोरड्या दगडफुलावर दोन फवारे मारा, बघता बघता ते हिरवट होते. भिजल्यावर वरचा थर पारदर्शक होतो आणि खालचे शैवाल दिसू लागते. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर हा फरक कळणार नाही. खडकाच्या आडोशाची कोरडी जागा शोधा. खरवडू मात्र देऊ नका. बहुतेक जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात.

जमिनीवरच्या अळंबीच्या छत्र्या दिसतीलच असे मुलांना सांगू नका, त्या दोन-चार दिवसांत सडून जातात. पडलेल्या ओंडक्यावरची कडक बुरशी हमखास भेटते. आरसा तिच्या खाली धरा: बारीक छिद्रे आहेत की पडदे (पात्यांसारख्या पातळ घड्या), ते न तोडता दिसते.

गावातल्या आणि जंगलातल्या झाडांवरचे दगडफूल मोजून हवेच्या शुद्धतेची तुलना करायची असेल तर दोन्हीकडे आंबा तर आंबाच घ्या, जमिनीपासून 1 मीटर उंचीवर. झाडाची साल बदलली की दगडफूलही बदलते, आणि मुले दोष हवेला देतात.

प्रश्न : शाळेच्या आवारातल्या छत्रीचा बीजाणूंचा छाप घेतला, कागद कोराच राहिला. असे का?
– विज्ञान शिक्षक, अमळनेर

उत्तर : बहुधा पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर पडले. अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद घ्या. देठ टोपीलगत कापा, पडदे खाली करून ठेवा, टोपीवर पाण्याचा एक थेंब टाका आणि वर वाटी उपडी घालून रात्रभर हलवू नका. टोपी पुरती उघडलेली हवी. कळी किंवा सुकलेली छत्री चालत नाही. छाप हिरवट आला तर ती हिरवळीवर उगवणारी विषारी जात असण्याची दाट शक्यता आहे.

प्रश्न : चांदीचे नाणे काळे पडले नाही तर अळंबी खाण्याजोगी, हे खरे का?
– एक पालक, शिरपूर

उत्तर : खोटे. सर्वांत घातक विषांचा चांदीवर काहीच परिणाम होत नाही, आणि ती शिजवूनही जात नाहीत. हात लावल्याने विषबाधा होत नाही, खाल्ल्याने होते. तरी डबा उघडण्याआधी मुलांना साबणाने हात धुवायला लावा.