यातली आई जेवती कधी?

ताई, नमस्कार.

मी सोलापूरचा, वय 44. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. 2006 साली आपल्याकडे साहित्य संमेलन झालं, तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवर हिंडताना ठरवलं होतं की आपलं एक तरी पुस्तक यायला पाहिजे. सहा वर्षं खपून कादंबरी पूर्ण केली. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडली आणि त्यांची उमेदच गेली, त्यावर सगळी कथा आहे. 312 पानं झाली. (टायपिंगचा खर्च वाचला, मिसेसनेच रात्री मोबाइलवर करून दिलं.) पुण्या-मुंबईच्या तीन प्रकाशकांकडे पाठवली. एकाने 'आमच्या प्रकाशन योजनेत बसत नाही' असं कळवलं. दोघांकडून चार महिने झाले, काहीच नाही. आता चौथे एक प्रकाशक तयार आहेत. 1 लाख 10 हजार रुपये द्यायचे, ते 500 प्रती काढतील, 100 मला देतील, प्रकाशन समारंभही करतील. निम्मी रक्कम महिनाअखेरपर्यंत भरायची आहे. माझ्याकडे तेवढे नाहीत. मिसेसच्या नावावर तिच्या फॉल-पिकोच्या कमाईची ठेव आहे, ती मोडावी लागेल. ती ऐकायलाच तयार नाही. दहावी झालेली आहे, साहित्यातलं तिला काही कळत नाही. टाईप करतानाही मध्येच 'यातली आई जेवती कधी ओ?' असलं काहीतरी विचारायची. तिचं मन कसं वळवू? आणि तीन ठिकाणी नकार आला म्हणजे माझ्यात लेखक नाहीच असं समजू का? आई आमच्याकडेच असते, आता थकली आहे. तिच्या डोळ्यांदेखत पुस्तक यावं, एवढीच इच्छा.

नाव छापू नये, सोलापूर

---

भाऊ, तुमच्या बायकोचा तो प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. 'यातली आई जेवती कधी ओ?' तुम्ही तो तिला काही कळत नाही याचा पुरावा म्हणून लिहिलात, आणि 'असलं काहीतरी' म्हणून बाजूला सारलात. तीन प्रकाशकांकडून मिळालं नाही ते तुम्हाला घरात, फुकट, रात्री अकरा वाजता मिळालं होतं. हा संपादकाचा प्रश्न आहे. चांगल्या संपादकाचा.

कादंबरी मी वाचलेली नाही. तुमचं पत्र मात्र वाचलंय, आणि या बाईला काय खटकलं असेल ते पत्रातच दिसतं. वडील साच्यावर होते, गिरणी बंद पडली, वडिलांची उमेद गेली. बरं, मग त्या घरात चूल कोणी पेटवली? तुमच्या शाळेची फी कोणी भरली? वडील घरात बसून होते त्या दिवसांत भाकरीचं पीठ कुठून आलं? पत्रात तुमची आई एकदाच येते, तीही शेवटी, पुस्तक बघायला. ती काय करायची याबद्दल एक शब्द नाही. मला वाटतं 312 पानांतही ती अशीच असणार: ताट वाढणारी, दाराशी उभी राहणारी, काळजीने बघणारी. आणि दिवसभर पिको करून रात्री अंगठ्याने तुमची पानं उतरवणाऱ्या बाईला पानामागून पान दिसत गेलं असणार की ही बाई सगळ्यांना वाढते आणि स्वतः कधी जेवायला बसतच नाही. तुम्ही लिहिताना ते तुम्हाला दिसलं नाही. तिला दिसलं.

सोलापूरच्या माणसाला हे मी सांगावं लागावं याचं वाईट वाटतं. आपल्याकडे 'जुनी गिरणी' म्हणतात ती गिरणी 1877 साली सुरू झाली. पुढे एकेक गिरणी उभी राहिली, भोंग्यावर अख्ख्या पेठा उठायला-झोपायला लागल्या, आणि मग एकेक करून भोंगे बंद पडले. या इतिहासावर भाषणं झाली, लेख आले, गिरण्यांच्या चिमण्यांचे फोटो निघाले. पण भोंगा थांबल्यावर हजारो घरं कशावर चालली? पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत विचारा. बायकांच्या हातावर. विड्यांसाठी तेंदूची पानं रात्री भिजत घालायची, सकाळी फर्मा ठेवून कात्रीने कापायची, सूप मांडीवर घेऊन बसायचं, हजार विड्यांचा हिशेब पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही. मजुरी हजारावर. कारखान्यात माल दाखवायला गेलं की त्यातून छाट निघणार, आणि छाटीचे पैसे नाहीत. ज्या बायका विड्या वळत नव्हत्या, त्या यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरत होत्या, नाहीतर चार घरची भांडी घासत होत्या. तुमची आई यांतलं काय करत होती ते मला माहीत नाही, कारण तुम्ही सांगितलेलं नाही. सहा वर्षं त्या घरावर लिहिणाऱ्या माणसाने हे सांगायचं राहावं, हे मला चालत नाही.

वडिलांचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. साच्यावरच्या माणसाचा हात अचानक रिकामा होतो, तेव्हा त्याचं काय होतं ते लिहिलंच पाहिजे. पण तो रिकामा माणूस घरात बसलेला असताना त्याच खोलीत कोणीतरी मान मोडून काम करत होतं. तो तिच्याकडे बघत होता की बघायचं टाळत होता? तिचे पैसे त्याने पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा काय बोलला? त्याच्या उमेदीची गोष्ट तिथे आहे. आई कादंबरीत नीट आली नाही तर वडीलही अर्धेच राहतात.

आता पैशांचं. तुम्ही हिशेबातले, म्हणून हिशेबच मांडते. 1 लाख 10 हजाराला 500 प्रती म्हणजे एक प्रत तुम्हाला 220 रुपयांना पडली. तुमच्या वाट्याला 100. उरलेल्या 400 कुठे जाणार? ज्या प्रकाशकाने छपाईचा खर्च आणि स्वतःचा नफा तुमच्याकडूनच घेतला, त्याचा धंदा तुमचा चेक वटला त्या दिवशी पूर्ण झाला. पुढे एकही प्रत विकायची त्याला गरज नाही. आता डिजिटल छपाईत शंभर-दीडशे प्रतीही निघतात. 500 निघाल्या की 150, हे तुम्ही कसं मोजणार? समारंभ होईल, हार होतील, शाल येईल, फोटो येतील. मग तुमच्या 100 प्रती तुम्ही साडूला, मेव्हण्याला, कारखान्यातल्या साहेबांना वाटाल. वाचेल कोण, हा प्रश्न त्या व्यवहारात कोणीच विचारलेला नाही.

सरळ वागणारा प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो, म्हणून त्याला पुस्तक विकावंच लागतं. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांच्या खरेदीपर्यंत पुस्तक पोहोचवायची धडपड तो स्वतःच्या पैशांसाठी करतो. लेखकाला छापील किमतीवर रॉयल्टी देतो, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. त्यात तुम्ही श्रीमंत होणार नाही, पण पैसा त्याच्याकडून तुमच्याकडे येतो. तुमच्या व्यवहारात तो उलटा वाहतोय, आणि तोही पिकोच्या मशीनवरून. एका साडीच्या फॉलला काय मिळतं ते तुम्हाला माहीत असेल. 1 लाख 10 हजाराला किती साड्या होतात ते एकदा कागदावर काढा.

त्या प्रकाशकाने आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि कॉपीराइटच्या नावाखाली वेगळी रक्कम मांडली असेल तर तेही समजून घ्या. आयएसबीएन आपल्या देशात सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो. कॉपीराइट तर तुम्ही लिहिलंत तेव्हाच तुमचा झाला, त्याला नोंदणीची अट नाही. तो करारात कोणाला लिहून देऊ नका म्हणजे झालं.

तीन नकारांबद्दल. नकार एकच आला आहे. बाकी दोघे गप्प आहेत. चांगल्या मराठी प्रकाशकाकडे हस्तलिखितांचे गठ्ठे पडलेले असतात, आणि वाचणारी माणसं मोजकी. बाहेरच्या वाचकाकडे पाठवलं की त्याच्याकडे आणखी काही महिने जातात. चार महिने त्यात काहीच नाहीत. आणि ज्याने 'योजनेत बसत नाही' असं लिहिलं त्याने तुमच्याबद्दल काही म्हटलेलं नाही, ते वाक्य सगळ्यांना जातं. तुमच्यात लेखक आहे की नाही याचा निकाल त्यातून लागत नाही. तुमची गोष्ट लिहिणारा माणूस प्रश्न ऐकतो का, यावरून थोडाफार लागतो. सध्या तो ऐकत नाहीये.

बायकोचं मन वळवायचं मी तुम्हाला शिकवणार नाही. ती ठेव तिची आहे, नाही म्हणायचा हक्क तिचा आहे. आणि मला वाटतं तिचं नाही हे पैशापुरतं नसावं. तुमची कादंबरी शब्दन् शब्द वाचलेली जगात ती एकटीच आहे. प्रकाशकाने पहिली दहा पानं चाळली असतील, तुम्ही स्वतःही लिहिताना पुढे-मागे करत लिहिलं असेल. तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक अक्षर हातातून काढलंय. तुम्ही त्याची नोंद 'खर्च वाचला' अशी, तीही कंसात केलीत. तो कंस वाचून मला तुमचा राग आला, हे लपवत नाही. तिला ही कादंबरी अजून झालेली वाटत नसेल, आणि तसं म्हणायला तिच्याकडे तुमच्यासारखे शब्द नसतील. तिने आईच्या जेवणाबद्दल विचारलं. याहून नेमकं कोण काय विचारणार?

तर तुम्ही एवढं करा. येत्या रविवारी दुपारी आईजवळ बसा. प्रश्न तुम्ही विचारू नका, बायकोला विचारू द्या. मुलाला आई 'जेवत होते की बाबा वेळेवर' असंच सांगेल, कारण मुलाला तिने तेव्हाही तेच सांगितलं होतं. सुनेला वेगळं सांगेल. गिरणी बंद झाली त्या आठवड्यात घरात काय होतं, कोणाकडून उसनं आणलं, कोणाच्या दाराशी जायला लाज वाटली, रात्री सगळे झोपल्यावर ती काय खायची, कधी खायची, काही खायची का. तुम्ही वही घेऊन खाली बसा आणि मध्ये बोलू नका. वडिलांची बाजू घ्यायची इच्छा होईल, घेऊ नका. 'असं नव्हतं, आई' म्हणायला तोंड उघडेल, मिटा. एका बसण्यात होणार नाही, ती थकलेली आहे. जितक्या दुपारी ती देईल तितक्या घ्या. तिच्या डोळ्यांदेखत पुस्तक यावं म्हणता ना? त्या पुस्तकात ती असायला हवी. समारंभाची खुर्ची तिला नंतर देता येईल.

मग पुन्हा लिहा. सगळी 312 पानं फेकायची नाहीत, पण आईला चार प्रसंगांत घुसवून भागणार नाही, हे तुम्हाला लिहायला बसल्यावर कळेलच. टाईप या वेळी तुम्ही करा. मोबाइल तुमच्याकडेही आहे. पान झालं की तिला वाचायला द्या आणि ती कुठे थांबते ते बघा. ती काही विचारेल तर वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

कादंबरी नव्याने झाली की त्यातलं एक प्रकरण सुटं काढून दिवाळी अंकांकडे पाठवा. आपल्याकडे 1909 च्या 'मनोरंजन'पासून नवे लेखक त्या वाटेने आले आहेत, आणि अंकात नाव दिसलं की प्रकाशकही हस्तलिखित जरा लवकर उघडतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ती तुमच्यासारख्या पहिल्या पुस्तकवाल्यांसाठीच आहे. तज्ज्ञ हस्तलिखित वाचतात, पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. मंडळाची जाहिरात आली की अर्ज करा. पण हे सगळं नंतर. आधी रविवार.

आणि त्या चौथ्या प्रकाशकाला आजच दोन ओळी लिहा: 'पैसे भरून पुस्तक काढायचं नाही असं ठरवलं आहे. हस्तलिखित कृपया परत पाठवावे.' महिनाअखेरची वाट बघू नका. पत्र पाठवण्याआधी बायकोला दाखवा.