बोटीच्या जुन्या आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनवर बॅटरी चार्ज होत नसेल, तर थेट रेग्युलेटर बदलावा का?

आपण दिलेल्या माहितीनुसार १९९०च्या दशकातील आपले ४० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन सुरळीत चालते, परंतु नवी बॅटरीही कोकणातल्या एका फेरीत उतरते, टॅकोमीटरचा (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा) काटा शून्यावरून हलत नाही आणि पुण्यातील मेकॅनिकने रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग, बदलण्यास सांगितले आहे. त्यांचा संशय निराधार नाही, तरीही मोजमाप केल्यावाचून हा महाग भाग घेऊ नये, असे माझे मत आहे. यासाठी लागणारा साधा मल्टिमीटर पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो.

इंजिन चांगले चालते यावरून चार्जिंगविषयी काहीच सिद्ध होत नाही. अशा बहुतेक इंजिनांत ठिणगीसाठी लागणारी वीज आणि बॅटरीसाठी लागणारी वीज फ्लायव्हीलखालच्या (इंजिनच्या वरच्या जड फिरत्या चाकाखालच्या) वेगवेगळ्या कॉइलमधून येते. टॅकोमीटरचा काटा मात्र बोलका साक्षीदार आहे, कारण अनेक जुन्या इंजिनांत त्याला चार्जिंगच्या कॉइलमधूनच संकेत मिळतो. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी बंद पडल्या असतील, तर दोष स्टेटर (वीज तयार करणाऱ्या त्या कॉइलचा संच) किंवा रेक्टिफायर (त्या एसी विजेची बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) यांपैकी एकात असण्याची शक्यता अधिक आहे.

सर्वप्रथम बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून काही तास तशीच ठेवावी आणि मग मोजावी. सुमारे १२.६ व्होल्ट आले तर ती ठीक आहे, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या बोटीच्या वायरींचे लग (टोकांचे धातूचे जोड) बाहेरून स्वच्छ दिसले तरी आतून हिरवे पडलेले असतात, तेव्हा ते आणि फ्यूजचा होल्डर उघडून पाहावेत. इंजिन चालू असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंग खराब आहे असे समजावे.

घराच्या अंगणात इंजिन सुरू करणार असाल, तर खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून किंवा पाणी आत घेण्याच्या जाळीवर रबरी मफ बसवून नळाचे पाणी चालू ठेवावे. कोरड्या इंजिनात पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतले रबरी फिरते चाक) बघता बघता जळतो. मफवर वेग फार वाढवू नये. वेग थोडा वाढवल्यावर बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा १२.४च्या आसपासच घुटमळत असेल, तर रेक्टिफायरच्या लाल वायरीवर मोजावे: तेथे व्होल्टेज पुरेसे आणि बॅटरीवर कमी असेल, तर दोष मधल्या वायरीत किंवा फ्यूजमध्ये आहे आणि काम शंभर-दोनशे रुपयांत होईल. ही मोजमापे करताना चालू इंजिनावर बॅटरीची वायर कधीही काढू नये. अनेक रेक्टिफायर याच एका कृतीने मरतात. उलटी जोडलेली बॅटरी हे त्यांच्या मृत्यूचे दुसरे नेहमीचे कारण.

तेथेही व्होल्टेज नसेल, तर इंजिन बंद करून स्टेटरच्या दोन्ही वायरी रेक्टिफायरपासून सोडवाव्यात. पुष्कळ कंपन्यांत त्या पिवळ्या किंवा पिवळ्यावर दुसऱ्या रंगाची रेघ असलेल्या असतात. दोहोंमधला रोध अगदी कमी, बहुधा दोन ओहमच्या आत येतो; नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. यांपैकी कोणतीही वायर ब्लॉकशी जोडलेली आढळता कामा नये. नंतर वायरी सुट्याच ठेवून इंजिन सुरू करावे आणि मीटर एसीवर ठेवून त्यांच्यामध्ये मोजावे. वेगाबरोबर व्होल्टेज वाढत गेले, तर स्टेटर जिवंत आहे. इग्निशनच्या वायरींना मात्र हात लावू नये, तेथे शेकडो व्होल्ट असतात. फ्लायव्हीलखालून काळी राळ वितळून ओघळलेली दिसली, तर स्टेटर जळाला आहे आणि पुढच्या चाचण्यांची गरज नाही.

रेक्टिफायरसाठी बॅटरी काढून मीटर डायोडच्या (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकाच्या) खुणेवर ठेवावा. प्रत्येक पिवळ्या टोकापासून लाल टोकाकडे एका दिशेने ०.४ ते ०.७ व्होल्ट दिसावेत आणि उलट दिशेने काहीच दिसू नये. अर्थ आणि पिवळी टोके यांच्यातही तसेच. दोन्ही दिशांनी सारखेच आले, तर तो डायोड गेला आहे. रेग्युलेटर त्याच डब्यात असेल, तर या चाचणीने फक्त त्याचा डायोडचा भाग कळतो. अशा वेळी स्टेटर आणि वायरिंग निर्दोष ठरल्यावरच तो बदलावा.

जुन्या इंजिनांची चार्जिंगची क्षमता मुळातच तुटपुंजी असते. सहा अँपिअरची कॉइल तेवढा प्रवाह वाढलेल्या वेगावरच देते. मासेमारीसाठी तासन्‌तास मंद चालवताना दिवे, फिश फाइंडर आणि तळातले पाणी उपसणारा पंप मिळून त्याहून अधिक ओढतात आणि निर्दोष यंत्रणेतही बॅटरी उतरते. शिवाय आपल्या मॉडेलला नुसता रेक्टिफायर असेल आणि रेग्युलेटर नसेल, तर पूर्ण वेगात व्होल्टेज पंधराच्या वर जाऊ शकते. तेव्हा सीलबंद बॅटरीऐवजी पाणी घालता येणारी बॅटरी घ्यावी आणि तिची पातळी नियमित पाहावी.