टॉवर शोधण्याआधी आकडे वाचायला शिका
फोनवरच्या रेंजच्या दांड्यांवर विसंबू नका, कारण प्रत्येक फोनमध्ये त्यांचा हिशेब वेगळा असतो. नेटवर्कचे तपशील दाखवणाऱ्या ॲपमध्ये आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद, पाहा: तो आकडा उणे ८५ डीबीएमच्या (ही ताकद मोजण्याचे एकक) आसपास असेल तर उत्तम, आणि उणे ११०च्याही खाली गेला तर इंटरनेट रखडण्याचीच शक्यता अधिक. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर परिसरातील टॉवर नकाशावर दिसतात. मात्र सर्वांत जवळचा टॉवर तुमच्याच कंपनीचा असेल, किंवा त्याचा अँटेना तुमच्या दिशेला वळवलेला असेल, असे गृहीत धरू नका. कोकणासारख्या डोंगराळ भागात तर टेकडीआडच्या जवळच्या टॉवरपेक्षा थेट नजरेत येणारा दूरचा टॉवर पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. सिमकार्डवर चालणारा राउटर त्या दिशेच्या खिडकीत, जमेल तितक्या उंचावर ठेवून एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे हे सांगणारा आकडाही तपासा (नवखे लोक नेमके याकडेच दुर्लक्ष करतात), कारण सिग्नल बळकट असूनही त्यात गोंगाट जास्त असेल तर वेग मिळत नाही. बाहेर अँटेना लावायचा झाल्यास राउटरला त्यासाठी जोडणी आहे का ते आधी पाहा आणि केबल आखूड ठेवा. बाजारातले सिग्नल वाढवणारे बूस्टर मात्र घेऊ नका. विनापरवाना ते बसवणे भारतात बेकायदा असून त्यांच्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही नेटवर्क बिघडते.