रस्त्यावर सीसीटीव्ही कॅमेरे वाढले की पोलिसांवरचा विश्वास वाढतो का?
आपोआप नाही. मुंबईकरांना पोलिसांबद्दल आदर वाटतो तो तुकाराम ओंबळेंसारख्यांमुळे. २६/११ ला गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी, तरी कसाबच्या रायफलची नळी धरली आणि गोळ्या लागूनही सोडली नाही.

पण २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतले १२ आरोपी जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. अपील सर्वोच्च न्यायालयात आहे. १९ वर्षांनंतरही मृतांच्या घरच्यांनी कोणाकडे बघायचं?

तपास कसा होतो ते दिसलं तरच विश्वास बसेल, म्हणून माझ्या मते कॅमेरा रस्त्यावर हवाच, पण आधी पोलीस ठाण्याच्या आत, लॉकअपसमोर. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तसा आदेशच दिलाय, रेकॉर्डिंग १८ महिने जपायचं. तुमच्या ठाण्यातला कॅमेरा चालू आहे का, माहिती अधिकारात विचारून बघा.